साडूंचा कर्नल

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू दुकानातून आणली तशी वापरलेली नाही. वस्तू घरात आली की आधी ती उघडायची, आत काय आहे ते सावकाश पाहायचं, पुन्हा जोडायची आणि मग, जमल्यास, वापरायची असा त्यांचा शिरस्ता. 'जमल्यास' म्हणायचं कारण असं, की जोडून झाल्यावर एखादा स्क्रू हमखास उरायचा, आणि त्या स्क्रूवाचूनही वस्तू चालते हे पाहून त्यांचा वस्तूवरचा विश्वास वाढायचा आणि कंपनीवरचा उडायचा. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ त्यांनी बोहल्यावरून उतरल्या उतरल्या उघडलं होतं, असं आमच्या सासूबाई सांगत. माझ्या स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेताला लाउडस्पीकरचा अँप्लिफायर यांच्या मांडीवर सुटा होऊन पडलेला होता. "आवाज फाटत हुता," एवढंच ते म्हणाले. भटजींनी मंगलाष्टकं नुसत्या घशावर रेटली. पंगतीच्या वेळी स्पीकर पुन्हा सुरू झाला तो इतका स्वच्छ, की मांडवामागं आचारी आणि वाढपी यांची शिऱ्यावरून चाललेली भांडणं सगळ्या वऱ्हाडानं शब्दन् शब्द ऐकली. पुढं आम्ही बारामतीत बिऱ्हाड केलं तेव्हा ते पहिल्यांदा घरी आले, खुर्चीवर बसले आणि डोक्यावरचा पंखा ऐकू लागले. आमची ही आतून चहा घेऊन येईपर्यंत पंखा पलंगावर आणि पलंगावरची गादी जमिनीवर होती. "पाव्हणं," ते मला म्हणाले, "आत काय हाय ते बघितल्याबिगर वस्तू आपली हुत न्हाय. तवर ती दुकानदाराचीच." चहा मात्र त्यांनी न उघडता घेतला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्यांची वस्ती डाळजच्या बाजूला, सोलापूरच्या रस्त्यापासून आत, धरणाच्या फुगवट्याच्या कडेला. आज्ज्यापर्यंत घरात मेंढरं होती. साडूंचे वडील, आबा, पोरवयात मेंढरांमागं फिरलेले. मग पाणी आलं, मेंढरं गेली आणि ऊस आला. साडू डिप्लोमा करून इंदापुरात एका खासगी संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले. रोज मोटरसायकलवरून जात. ती मोटरसायकल त्यांनी स्वतः जोडलेली असल्यामुळं ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. त्यांना ती सुधारणा वाटत असे.

अशा माणसाच्या हातात कॉम्प्युटर पडला. तोही अख्खा नव्हे. पुण्याच्या जुन्या बाजारातून सुटे भाग आणून त्यांनी वस्तीवर तो उभा केला. आबा त्याला 'ती पेटी' म्हणत. तोवरचं सगळं ठीक होतं; पेटी झाली तरी ती उघडून बघून झाली असती आणि प्रकरण मिटलं असतं. पण एका इंग्रजी मासिकाबरोबर त्यांना एक सीडी फुकट मिळाली. तिच्यावर लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती, म्हणजे कॉम्प्युटरला कॉम्प्युटर बनवणारा मूळ कारभार. असा कारभार इतर कंपन्या सीलबंद विकतात. हा मात्र जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला आणि लिहिलेलं सगळं, ओळ न् ओळ, वाचायला मोकळं ठेवलेलं. ज्या माणसानं आयुष्यभर झाकणांशी मारामारी केली त्याला झाकणच नसलेली वस्तू मिळाली. अक्का म्हणते, त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला यात अतिशयोक्ती वाटत नाही.

मग साडू त्या लिखाणात शिरले आणि आम्हाला फार क्वचित दिसू लागले. एका फाइलीत एखादं नाव भेटायचं. ते नाव मूळचं कुठलं म्हणून दुसऱ्या फाइलीत जायचं, तिथं तिसरीचा पत्ता लागायचा. आपण अनोळखी गावात एखाद्याचं घर विचारत जावं आणि प्रत्येकानं पुढच्या आळीकडं बोट दाखवावं, तसं त्यांचं चालायचं. फरक इतकाच की आपण वैतागतो, ते खूश होत. लिहिणाऱ्यांनी मधेमधे स्वतःसाठी टिपा लिहून ठेवलेल्या असत, त्या वाचून साडूंची त्या परदेशी मंडळींशी घरोब्याची ओळख झाली. नावं लक्षात राहत नसल्यामुळं त्यांनी कामावरून नावं पाडली होती. "फ्लॉपीवाला लई वैतागलेला मानूस हाय," ते मला एका बारशात पाळण्याशेजारी उभे राहून सांगत होते. "अन् त्यो प्रिंटरवाला! त्यानं लिवलंय, हे का चालतं मला बी कळत न्हाय, पर हात लावू नका. काय मानूस हाय बघा, पाव्हणं. कोन कबूल करतं असं?" बाळाचं नाव काय ठेवलं ते मात्र त्यांना पुढं वर्षभर माहीत नव्हतं.

वाचून झालं तेव्हा बनवायची वेळ आली. या कारभाराच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. सीडीवर तो तयार मिळत होता आणि चांगला चालतही होता. पण साडूंचं म्हणणं पडलं, की तयार कर्नलमध्ये साऱ्या जगाचं सामान भरलेलं आहे. जी यंत्रं आपल्या घरात नाहीत त्यांचीही सोय त्यात आहे. "घरात न्हाईत त्या मानसांचा सैपाक रोज का म्हणून करायचा?" म्हणून आपल्यापुरता, आपल्या पेटीला बेताचा होईल असा कर्नल मूळ लिखाणावरून स्वतः तयार करायचा. त्यासाठी कॉम्प्युटर आधी तुम्हाला प्रश्न विचारतो, एकामागून एक, शेकड्यांनी: अमुक पाहिजे का, तमुक पाहिजे का. उत्तरं तीनच: हो, नाही, किंवा सुटं ठेवा, लागेल तेव्हा आणू. साडू एकेका प्रश्नावर दोन दोन दिवस विचार करत. वस्तीवरून जाणाऱ्याला आतून आवाज यायचा, "टेप हाय का आपल्याकडं? न्हाय. मग न्हाय!" मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांचीही इतकी चौकशी आमच्याकडं होत नाही.

प्रश्न संपले आणि खरी अडचण आली. कर्नल तयार व्हायला त्या पेटीला अख्खी दुपार लागायची, आणि तेवढा वेळ वीज नुसती असून भागत नव्हतं, ती दमदार लागायची. वस्तीची वीज आली की आधी विहिरींवरच्या आणि फुगवट्यावरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होत, डीपीचा ट्रान्सफॉर्मर कण्हायला लागे, घरातले बल्ब लाल होत आणि पेटी मान टाके. पुन्हा पहिल्यापासून. साडूंनी आपली मोटर बंद ठेवायला सुरुवात केली. आबा स्टार्टरपाशी उभे राहून म्हणायचे, "आरं, ऊस वाळतोय." साडू आतून म्हणायचे, "थोडंच ऱ्हायलंय, आबा." अक्का दोघांच्या मधे उभी राहून दोघांचं ऐकायची. तिनं ते पुष्कळ दिवस ऐकलं. पण उन्हाळा वाढला, पेटी तापायला लागली आणि साडूंनी तिला वारा घालायला अक्काच्या शिलाई मशीनची मोटर काढून तिला पातं लावलं. त्या दिवशी अक्का पिशवी भरून एसटीनं आमच्याकडं बारामतीला आली. "तितं ती पेटी तरी ऱ्हाईल न्हायतर मी तरी," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि आमच्या घरातले सगळे डबे घासून काढले. राग आला की ती घासते. आठवड्यानंतर घासायला काही उरलं नाही, पण राग उरला होता. अक्का रात्रीचं जेवत नाही हे हिच्या लक्षात आलं, तेव्हा हिनं मला सांगितलं, "रविवारी जाऊन दाजींशी बोला. त्यांना म्हणावं, न्यायला या."

मी बँकेत. माणसांशी नीट बोलायला लागलं की मी सफारी घालतो, तसा घातला आणि डाळजच्या फाट्यावर एसटीतून उतरलो. समोर ट्रॅक्टर उभा होता. ट्रॅक्टरशेजारी साडूंच्या बांधाला बांध असलेले तात्या, धुतलेला फेटा, हातात झेंडूचा हार. मागं वस्तीवरची मंडळी इस्त्रीच्या कपड्यात. मी बाजूनं निघालो तर तात्यांनी हार माझ्याच गळ्यात घातला.

"या, कर्नलसाहेब!"

"अहो, मी बँकेत असतो," मी म्हणालो.

"आता बँकेत? म्हंजे रिटायर झाला म्हनायचं," तात्या मागं वळून म्हणाले. मंडळींनी माना डोलावल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "उंच आसंल वाटलं हुतं."

उलगडा ट्रॅक्टरवर झाला. आदल्या दिवशी साडू घरोघर जाऊन सांगून आले होते: उद्या दुपारी आपल्याकडं कर्नल व्हायचाय, तेवढ्या वेळ मोटरी बंद ठेवा. लष्करातला एवढा मोठा माणूस वस्तीवर येणार म्हटल्यावर कुणी नाही म्हटलं नाही. मोटरीचा आवाज साहेबाला सोसणार नाही, इतपत त्यांनी समजून घेतलं होतं. मी खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला, पण ट्रॅक्टरच्या आवाजात ते माझा मोठेपणा म्हणून धरलं गेलं.

साडू पेटीपुढं बसलेले. त्यांनी वळून पाहिलं नाही. पडद्यावरून ओळी वर सरकत होत्या. "बसा, पाव्हणं. चालू हाय." मी अक्काचा विषय काढला. "एवढं होऊ द्या," ते म्हणाले. आबा बाहेर लिंबाखाली बसले होते, त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नुसता हात हवेत उडवला. दारात गर्दी वाढत गेली. तात्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "कर्नल कुठाय?" "हुतोय," साडू म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हार काढून मांडीवर ठेवला.

दुपार कलली तेव्हा ओळी थांबल्या. साडूंनी घाम पुसला, पेटी बंद करून पुन्हा सुरू केली. पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर उमटली आणि एका ओळीपाशी सगळं गोठलं. साडूंनी ती ओळ मोठ्यानं वाचली, "कर्नल पॅनिक."

"म्हंजे?" तात्या.

साडू खोटं बोलत नाहीत. "कर्नल घाबरला."

तात्यांनी वाकून माझा चेहरा पाहिला. "न्हाय की. हे तर बरं दिसत्यात."

मग जे हसू फुटलं ते दारातून अंगणात, अंगणातून बांधावर गेलं. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत घरी गेली. एकेक करत मोटरी सुरू झाल्या, बल्ब लाल झाला आणि ती ओळसुद्धा पडद्यावरून गेली. साडू काळ्या काचेकडं पाहत बसले होते. मी निघतो म्हणालो, तेव्हा त्यांनी मान हलवली. भिगवणच्या बाजारात त्यानंतर त्यांना जो तो विचारू लागला, "कर्नल सावरला का?"

बारामतीला येऊन मी ही हकीकत रंगवून सांगितली. आमची ही पदर तोंडाला लावून हसली. अक्का हसली नाही. तिनं विचारलं, "कोन कोन हसलं?"

मी नावं सांगितली.

"तात्या हसला? त्याच्या लेकीच्या लग्नात ह्यांनी उपाशीपोटी लायटिंग केलती. त्यो हसला?"

"अक्का, तुम्हीच तर त्यांच्यावर चिडून आलात."

"मी चिडंन. मी बोलंन. माझ्या घरातलं मानूस हाय," अक्का पिशवी शोधायला उठत म्हणाली. "ह्या लोकांचा काय संबंध?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि अक्काला पोहोचवायला गेलो. या वेळी साधा शर्ट घातला. साडू पेटीकडं पाठ करून बाजेवर बसलेले होते. गेल्या किती वर्षांत मी त्यांना हातात पान्हा किंवा पक्कड नसलेलं पाहिलं नव्हतं. अक्काला पाहून ते उभे राहिले.

"मशीनला मोटर परत बसवली," ते म्हणाले.

"चालती का?"

"चालती. एक स्क्रू उरलाय."

अक्कानं पिशवी ठेवली, तोंडावर पाणी मारलं, स्टूल ओढून पेटीपुढं बसली आणि म्हणाली, "आता काय झालं ते सांगा मला. पयल्यापसनं सांगा." साडू सांगू लागले. आधी अडखळत, मग नेहमीसारखे. अक्काला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ती मुलाच्या आजाराचं ऐकावं तसं ऐकत होती, मधेच विचारायची, "बरं, मग?" कर्नल उठतो, मग आपलं बाकीचं सामान घ्यायला डिस्क उघडतो, असं सांगता सांगता साडू थांबले. डिस्क वाचता येण्यासाठी एक विद्या लागते. ती पाहिजे का, या प्रश्नाला त्यांनी काटकसरीच्या भरात उत्तर दिलं होतं, सुटं ठेवा, लागेल तेव्हा आणू. आणि ते सुटं सामान होतं डिस्कमध्येच.

"म्हंजे किल्ली आत ठिवून दार वढून घेतलं की," अक्का म्हणाली.

"व्हय."

"येवढंच?"

"येवढंच."

तेव्हा अक्का हसली. मोठ्यानं, अगदी तात्यांच्या वर. साडूही हसले, थोडा वेळ गेल्यावर.

दुरुस्ती एका अक्षराची होती, पण दुपार पुन्हा सगळी लागणार होती, आणि मोटरी बंद ठेवा म्हणून पुन्हा वस्तीत कुठल्या तोंडानं जायचं हा प्रश्न होता. लिंबाखाली बसून सगळं ऐकणारे आबा उठले, फेटा बांधला, काठी घेतली आणि बांधाबांधानं निघून गेले. ते कुणाला काय म्हणाले ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. पुढं एकदा तात्यांनी मला सांगितलं. आबा त्यांच्या दारात उभे राहिले, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि म्हणाले, "कर्नल न्हाय घाबरला, तात्या. माझं पोरगं घाबरलंय. आजच्या दिस मोटर लावू नगा."

त्या दुपारी वीज आली आणि एकही मोटर लागली नाही. अशी शांतता मी त्या वस्तीवर आदल्या दिवशीही, दारातल्या गर्दीमुळं, ऐकली नव्हती. फुगवट्यावरच्या पाखरांचा आवाज घरात येत होता. ऊन खाली आल्यावर तात्या आणि मंडळी आली, पण या वेळी अंगणातच उभी राहिली. आतून साडूंनी हाक मारली तेव्हा एकेक करून दारात आली. पेटी सुरू झाली, अक्षरं उमटली, काल थांबली होती तिथं थांबली नाहीत, आणि शेवटी काळ्या पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकू लागली.

तात्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "ह्यो कर्नल करायच्या आधी बी असंच दिसत हुतं की."

"व्हय."

"मग फरक काय पडला?"

साडूंनी बराच विचार केला. "आता मला ठावं हाय," ते म्हणाले, "आत काय हाय ते."

तात्यांना हे पटलं की नाही सांगता येत नाही. ते म्हणाले, "बरं झालं," आणि जाता जाता बाहेर स्टार्टरकडं बोट करून आबांना म्हणाले, "लावू का आता तुमची?"

त्यानंतर साडूंनी पुष्कळ कर्नल बनवले. नवीन आवृत्ती आली की बनवत. ती सीडी त्यांच्यापर्यंत पोहोचेस्तोवर तिच्याहून नवी आलेली असायची, त्याचं त्यांना काही वाटत नसे. पुढं माझी पुण्याला बदली झाली. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सगळं नवीन. एका लग्नासाठी साडू पुण्यात आले तेव्हा घरी आले. सोफ्याच्या कडेवर बसले. पंखा ऐकला, तो आवाजच करत नव्हता. टीव्हीकडं पाहिलं, दाराच्या बेलकडं पाहिलं, गीझरचं बटण एकदा दाबून बंद केलं. हिनं राहायचा आग्रह केला. "सगळं चालूच हाय की तुमच्याकडं," ते म्हणाले. तक्रार नव्हती, पण कौतुकही नव्हतं. चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. मी स्वारगेटपर्यंत गेलो होतो. खिडकीतून त्यांनी हात केला, मग तोच हात खिडकीच्या सैल झालेल्या पट्टीवर ठेवून गाडी सुटेपर्यंत ती चाचपत बसले.

मध्यंतरी आमचा मिक्सर बंद पडला. ही म्हणाली, राहू दे, दाजी येतील तेव्हा बघतील. पत्र टाकलं, फोनवर निरोप ठेवला. यायचं ते म्हणतात, पण कधी उसाची तोड येते, कधी वर्ग असतात, आणि आबा आता अंथरुणावर आहेत, त्यांना सोडून दोघांना एकदम निघता येत नाही. मिक्सर कपाटावर आहे. ही चटणी खलबत्त्यात कुटते आणि हात दुखल्याचं मला ऐकवते, पण मिक्सर खाली उतरवा म्हणत नाही. आमच्या इमारतीच्या तळमजल्यालाच दुरुस्तीचं दुकान आहे, चांगला माणूस आहे. परवा जिन्यापाशी त्यानं मला थांबवून विचारलं, "साहेब, घरी काही बिघडलेलं आहे का?"

मी नाही म्हणालो.